लेझीम आणि रुंद बूट

गुरुजी, त्या सकाळी ऑफिसला निघताना मी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यावर बसलो आणि उजवा बूट उलटा करून झटकला. काहीच पडलं नाही. पुन्हा घातला, तर चवड्याखाली खडा तसाच. बोटांत आग, मग मुंग्या. आमची ही दारातून म्हणाली, "अहो, रोज काय झाडता? खडा बुटात नाही, पायात आहे. डॉक्टरांना दाखवा." मी ऐकलं नाही. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं, आमच्या लेझीम पथकाला मिरवणुकीत खेळायचं होतं आणि पन्नाशीला आलो तरी पहिल्या रांगेत मी होतो. डॉक्टर नको म्हणाले तर?

तुम्ही आम्हाला शाळेच्या पटांगणात अनवाणीच खेळवायचात. "पाय चोरायचा नाही," म्हणत तुम्ही माझ्या पोटरीला छडी टेकवायचात, आणि मी शाळा सोडताना स्वतःची लेझीम माझ्या हातात दिलीत. तो शब्द मी देववाक्य मानला. जितकं दुखेल तितका पाय जोरात आपटत डांबरी रस्त्यावर अनवाणी सराव केला, आणि एका संध्याकाळी ठेका सोडून खालीच बसलो.

मग हिनेच मला खोताच्या वाडीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला. मी कळवळलो, ते खूश झाले. "सापडली. बोटांच्या हाडांमध्ये नस चिमटतेय. हे निमुळते बूट बंद. रुंद घ्या, आत चवड्याच्या जरा मागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, छोटी गादी बसवा. हाडं फाकली की नस मोकळी."

"आणि लेझीम? आमचे गुरुजी अनवाणी..."

"गुरुजींच्या पटांगणात माती होती ना? ती इथे आणा, मग खुशाल अनवाणी नाचा."

ही इतकी हसली की मलाही हसू आवरेना. घरी येऊन मात्र देवापुढे बराच वेळ बसलो. तुमचा शब्द मोडायचा, की रांग सोडायची? तेव्हा आठवलं, खेळाआधी आम्हाला बाजूला उभं करून तुम्ही पटांगणातले खडे स्वतः वेचायचात. इतक्या वर्षांत ते कधी मनातच आलं नव्हतं.

मिरवणुकीत मी पहिल्या रांगेत होतो. बोटं मधूनच झिणझिणली, पण पाय चोरला नाही. तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र टाकणार कुठे? तुमच्या लेझिमीशेजारीच ठेवतो. एवढंच सांगायचं होतं: सुरुवातीला तुमची लेझीम कपाळाला लावताना मी नवे रुंद बूट काढले होते. मग पुन्हा घातले, आणि तसाच खेळलो.