जिन्याखालची पाटी

मंगळवार, दिनांक ९
दुपारची भांडी आटोपून

तीर्थस्वरूप वन्सं यांना नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही दोघे खुशाल आहोत, तुम्हीही असालच. कागद कॅलेंडरच्या पाठचा आहे, रागावू नका. महिना संपला तरी पाठ चांगली कोरी होती, वाया घालववेना.

गेल्या आठवड्यात इमारतीत गंमतच झाली. टाकी धुवायची म्हणून पाणी बंद राहणार होते. सेक्रेटरींनी ते मोबाइलच्या ग्रुपवर कळवले, पण मागोमाग कोणाचा तरी वाढदिवस, फुले, केक, जोडलेले हात. निरोप गेला बुडून. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू डोक्याला साबण तसाच घेऊन जिन्यात आल्या! सेक्रेटरी म्हणाले, "अहो, टाकलं होतं की!"

"तुम्ही टाकलंत हो, पण पोचलं कुठे? पोचलाय तो साबण, माझ्या डोळ्यांत!"

हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची जुनी पाटी काढून जिन्याखाली टांगली. एक ओळ लिहायची, काम झाले की पुसायची. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, एवढीशी पाटी कशी पुरणार?" म्हटले, "पुरत नाही तेच बरं. देवापुढचा तांब्या तरी आधी रिकामा केल्याशिवाय भरता येतो का?" आता येता-जाता सगळे वाचतात, आणि काकू निर्धास्त नाहतात.

पण पत्र काही काकूंच्या साबणासाठी लिहायला घेतले नाही. काल हे भाजी घेऊन आले आणि पाटीपुढे उभेच राहिले. पाटी तर कोरी. विचारले, "काय वाचताय?"

म्हणाले, "माझ्या निवृत्तीच्या समारंभाचं ताईला मी घरच्यांच्या ग्रुपवरच टाकलं होतं. तिला पोचलंच नसेल का गं?"

वर्षभर रुसून बसलेला माणूस, वन्सं! त्या दिवशी पहिल्या रांगेतली तुमची खुर्ची त्यांनी शेवटपर्यंत कोणाला दिली नव्हती. आणि तुम्हाला तिकडे वाटले असेल, सख्ख्या भावाने साधे बोलावलेही नाही. म्हटले, "मग फोन करून विचारा." तर म्हणे, "तूच लिही." भाऊ तुमचाच, मी काय बोलणार!

म्हणून हा निरोप नीट तुमच्या हातात देते: या. एवढेच.

तुमचा दिवस कळला की पाटीवर तेवढी एकच ओळ लिहीन. हे मघापासून खडू शोधत फिरताहेत, पण लिहिणार मी. तुम्ही दारात आलात की ती पुसायचे काम त्यांचे.

पाटी कोरी ठेवून बसलेली,
तुमची भावजय