आईचं कण्हणं

हेलेना, आर्कान्सा
१८ सप्टेंबर १९६६, रविवार

प्रिय थॅड,

तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पीचचा मुरांबा टपालाने पाठवला आहे. बरणी फुटली तर पोस्टाला बोल लाव, मला नको. तुझा फोटो मिळाला. तो चमकता कोट शिकागोत चालत असेल, इथे गुरं बुजतील.

तुझं गाणं रेडिओवर रोज लागतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा लागलं तेव्हा मी दुकानात होते, बायकांचे केस सरळ करत. फणी तापायला ठेवली आणि रेडिओ मोठा केला. माझा धाकटा भाऊ आहे हा, असं सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. शेवटी शब्द संपतात आणि तू नुसता कण्हत राहतोस ना, तिथे बायका खुर्च्या ओढून रेडिओजवळ आल्या. पर्लीनने आपल्या लेकाचं नाव घेतलं, तो व्हिएतनामात आहे. दुसरीने बहिणीचं, जिला गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं होतं. ज्याचं त्याला आपापलं माणूस आठवलं. आपल्या काळ्या माणसांचं दुःख इतकं खरं मी रेडिओवर कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता हे साऱ्या देशाला ऐकावं लागेल, कानात बोटं घातली तरी. मला तुझा फार अभिमान वाटला, हे आधी सांगून ठेवते.

खुर्चीत आई बसली होती. निम्मे केस सरळ, निम्मे तसेच. ती उठली आणि तशीच घरी गेली.

तेव्हापासून ती चर्चमध्ये कण्हत नाही. पंधरा वर्षं दर रविवारी डीकन गुडलोंची प्रार्थना संपली की पहिल्या बाकावरून आई तेच बिनशब्दांचं, सुरातलं कण्हणं सुरू करायची आणि सगळं चर्च तिच्यामागे जायचं. आपल्या ओडेलचं प्रेत नदीतून काढलं त्या आठवड्यात ते तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आपल्या थोरल्या भावाला कोणी मारलं हे गावाला ठाऊक होतं, शेरीफलाही. बोलायची सोय नव्हती. म्हणून ती कण्हली. जुनी माणसं म्हणतात ना, शब्द सैतानालाही कळतात, कण्हणं फक्त देवाला कळतं. तेवढं एकच तिच्या हक्काचं होतं.

मी तिची समजूत घातली. म्हटलं, ह्या गाण्याने आपली पोरं ताठ मानेने चालायला लागली आहेत, कापूस वेचायला जाणाऱ्या ट्रकमध्येसुद्धा तेच म्हणतात.

"चालू देत की," ती म्हणाली. "मी कुठं आडवी येतेय? पण मी तोंड उघडलं की मला आता त्याचाच आवाज येतो. मागं ट्रंपेट वाजतात. ओडेल काही येत नाही."

काल पर्लीनच्या नवऱ्याला माती दिली. शवपेटी समोर होती. डीकननी प्रार्थना संपवली आणि सवयीने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पर्लीन वाट बघत होती. मग मागच्या बाकांवरून तरण्या पोरींनी सुरू केलं. तुझं. शेवटी तू सूर वर नेऊन मोडतोस, तेही जसंच्या तसं. चर्च भरून गेलं. पर्लीनला रडू फुटलं, मोकळी झाली बिचारी. फार सुंदर होतं ते, खोटं कशाला सांगू? आई मात्र परक्या गावात उतरल्यासारखी इकडेतिकडे बघत होती. मीही म्हणत होते, थॅड. माझ्या तोंडूनही तुझंच आलं.

घरी आल्यावर हॅटसुद्धा न काढता ती म्हणाली, "त्याला लिही. माझं मला परत दे म्हणावं."

मी हो म्हटलं. म्हणून हे लिहिते आहे. तू कसं परत देणार, ते मला कळत नाही. घराघरात वाजतंय ते. आणि द्यावंस असं तरी मी कुठल्या तोंडाने म्हणू? पर्लीनकडे दुसरं काय आहे?

आता जे लिहायचं ते तीन पानं झाली तरी लिहवत नाही. फेब्रुवारीत तू दुकानात फोन केलास. म्हणालास, ताई, आईच्या कण्हण्याची सुरुवात आठवते, पुढचं नाही, गाव सुटलं तेव्हा मी सातच वर्षांचा होतो. आईला विचार, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी दुकानाचं दार लावलं आणि फोनमध्ये तुला सगळं कण्हून दाखवलं. तू न मागता दुसऱ्यांदाही. माझ्याकडचं काहीतरी शिकागोला जाणार ह्याचाच आनंद. माझ्याकडचं होतं कुठे ते?

आईला वाटतं, तू लहानपणी दाराआडून ऐकलेलं जपून ठेवलंस आणि विकलंस. रोज तुला बोल लावते, आणि मी समोर बसून शेंगा सोलते. खरं सांगितलं तर तिला मीही परकी होईन, आणि ह्या घरात तिला माझ्याशिवाय कोणी नाही. तोंडाशी आलेलं रोज गिळते. तू तिला काही कळवू नकोस. किंवा कळव. मला काही सुचत नाही.

तुझ्यावरचा आळ रोज कानांनी ऐकणारी आणि गप्प राहणारी,
तुझी ताई,
वर्नेल