सभेत वर केलेला हात

नाशिक रोड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय कुसुममावशी,

वाकून नमस्कार. कोल्हापूरची थंडी सोसते ना? तुमच्या बंद घरापुढच्या पारिजातकाला मी रोज पाणी घालते. दुकानात दोन शाळांच्या गणवेशांचं काम आहे. भरतकामाच्या नव्या मशीनवर खिशांवरची नावं भराभर उतरतात. फोनवर तुम्ही 'जेवलीस का?' एवढं विचारून फोन लेकीकडे, संध्याकडे देता, म्हणून हे पत्र.

आधी आभार. आपली बँक बुडाली तेव्हा मंगल कार्यालयात सभा झाली होती, आठवते? दरवर्षी आपण सगळे ठराव न ऐकताच 'मंजूर' म्हणायचो आणि वडा-कॉफीच्या रांगेत उभे राहायचो. त्या दिवशी मात्र तुम्ही चष्मा लावून ठराव दोनदा वाचलात. कर्जदारांनी ठरल्या मुदतीत मुद्दल फेडलं तर व्याज माफ, आणि तो तोटा पाच लाखांवरच्या ठेवी दहा वर्षं अडकवून भरून काढायचा. मागून कुणीतरी ओरडलं, "कर्जदारांचे लाड कशाला?" तुम्ही मागे वळून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणालात, "जप्ती आणून काय करणार? शिलाई मशीनचं भंगार वाटून घेणार? पोरगी शिवत राहिली तर मुद्दल तरी येईल." आणि हात वर केलात.

त्या हातानं माझं दुकान वाचलं, मावशी. सरुबाईसह आम्ही पाच जणी अजून तिथे बसून शिवतो. कॉलनीत मी सगळ्यांना सांगत सुटले, "सरकारनं माफ केलं." खरं तर ठेवींना सरकारचा विमा पाच लाखांपर्यंतच होता. त्यावरचे तुमचे चार लाख, काकांच्या निवृत्तीचे, अजून अडकलेले आहेत. मी पेढे वाटले तेव्हा तुम्हीही एक घेतलात आणि अर्धा मला भरवलात.

परवा संध्यानं बोलता बोलता सांगितलं की गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही रद्द केलंत. "आई म्हणते, कोल्हापुरात चढ कमी आहेत." मी फोन ठेवला. कोल्हापुरात चढ कमी नाहीत, एवढं मलाही कळतं. सरुबाईला सांगितलं तर ती सुईवरून नजर न काढता म्हणाली, "ताई, आयजीच्या जिवावर बायजी उदार, आन् आपण बायजीचे पेढे खाल्ले."

आता जे इतके दिवस टाळलं ते लिहिते. माझ्या कर्जाचं ते व्याज मला भरता आलं असतं. दोन लाख दहा हजार होतं. सभेच्या महिनाभर आधीच शाळांची ऑर्डर पक्की झाली होती, आगाऊ रक्कमही आली होती. पण सगळे सवलत घेताहेत, मीच का शहाणी व्हायचं, असं म्हणून गप्प बसले. वाचलेल्या पैशांचं भरतकामाचं मशीन घेतलं. तुम्ही मला अडलेली समजून हात वर केलात, आणि मी तुमच्यासमोर बसून मान खाली घातली. लोकांना वाटलं, कृतज्ञतेनं.

बँकेत भरायला गेले होते. आपली बँक ज्या बँकेत विलीन झाली, तिथला मॅनेजर हसला. "मॅडम, तुमचं खातं बंद झालंय. आता घेऊ कुठे?" म्हणून सोबत एक लाख पाच हजारांचा चेक आहे. राहिलेले अक्षय्य तृतीयेपर्यंत पाठवते. अडकलेल्या इतर ठेवीदारांचं मी काही करू शकत नाही, याची लाज आहे. पण तुमचा एक गुडघा माझ्या आवाक्यात आहे.

याला उपकार म्हणू नका आणि चेक परतही पाठवू नका. मी दुकानात तुमच्यासाठी एक उंच खुर्ची करून घेतली आहे, पाय न दुमडता बसता येईल अशी. ऑपरेशन झालं की ती वापरायला या.

हा माझा ठराव. या वेळीही दोनदा वाचा, आणि पटला तर पोस्टकार्डावर एकच शब्द लिहा, 'मंजूर'.

तुम्ही हात वर केलात म्हणून अजून शिवत असलेली,
ज्योत्स्ना