जैसे थे

पाथरी,
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय वकीलसाहेब,
सविनय जय भीम.

आता सगळे तुम्हाला आमदारसाहेब म्हणतात, पण आमच्या घरात जुनंच नाव चालतं. मला सनद मिळाली. कोर्टाबाहेर टेबल टाकलंय. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईनं माझा काळा कोट वस्तीभर दाखवला. तुमच्याकडे पाहूनच मी कायद्याकडे वळले.

स्मशानाच्या वाटेचा आपला दावा अजून पडून आहे. वाट अडवणारं भागवतरावांचं तारकुंपणही तिथंच आहे.

हुकूम झाला तेव्हा मी बारावीत होते. तुम्ही कोर्टातून बाहेर येऊन म्हणालात, "जैसे थे मिळालं."

बाबांनी विचारलं, "म्हंजे वाट पयल्यासारखी?"

तुम्ही हसलात. "दत्तराव, पेढे आणा."

वस्तीनं तुम्हाला हार घातला. पुढं तुम्ही निवडणुकीला उभे राहिलात, तेव्हा आमच्यातलं एक मत फुटलं नाही.

लॉ कॉलेजात कळलं, जैसे थे म्हणजे हुकमाच्या दिवशी जे आहे ते तसंच. म्हणजे तार तशीच. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "तू अजून शिकायलीस. साहेब आपल्याला फसवतेत व्हय?"

साहेब, हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं.

बाबांचं लिहायचं मी टाळतेय. ते श्रावणात गेले. ओढ्याला पाणी होतं. तारेपलीकडं कोरडी वाट दिसत होती आणि आम्ही छातीइतक्या पाण्यातून निघालो. खांदा देणाऱ्या सिद्धोधनचा पाय घसरला. बाबांना पाण्यातून पुन्हा उचलावं लागलं.

तुम्ही पाठवलेला हार पोचला. तो घेऊन भागवतराव आले होते. ते आता तुमचे प्रचारप्रमुख आहेत, हे तेव्हाच समजलं. आईनं हार हातात घेतला नाही. म्हणाली, "ठिवा तिथंच. जैसे थे." हार उंबऱ्याबाहेर वाळला.

दाव्यात आई दुसरी वादी आहे. ती वकीलपत्र माझ्या नावानं करणार आहे. त्यासाठी आधीचे वकील म्हणून तुमची ना-हरकत लागेल. सोबतच्या कागदावर फक्त सही करा. सही दिली नाहीत, तर ती का दिली नाही, हे मी कोर्टापुढं आणि वस्तीपुढं मांडीन. दोन्हीकडं सोप्या मराठीत.

आईची तब्येत बरी नाही. तिला त्या पाण्यातून नेणार नाही मी.

सरजाबाई दत्तराव यांची वकील,
धम्मशीला