लाल रेषेच्या अलीकडे

६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

मी ठीक आहे. तूही ठीक असशील आणि ताईंचे गुडघे त्यांच्या वयाच्या मानाने बरे असतील, असं धरून पुढे लिहितो.

“फोन करू नका. फोनवर तुम्ही सारवासारव फार करता. सांगायचं असेल ते लिहा,” असं तू जाताना म्हणालीस, त्याला आज पाच आठवडे आणि दोन दिवस झाले. रोज कागद घेऊन बसायचो नि पेनाला टोपण लावून उठायचो. आज उठलो नाही.

घरचं वर्तमान असं. स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही. प्लंबरने विचारलं, “बाई कुठे गेल्या?” बहिणीकडे, म्हणालो. “किती दिवस?” यावर मी त्याला चहा दिला. भात मला जमतो, पण एका माणसाचा जमत नाही. दर वेळी दोघांचा होतो. तुझ्या शिवणयंत्रावर चादर टाकून ठेवली आहे.

डेपोत हिवाळी वेळापत्रकाचं काम लागलंय. तेवीस मार्ग, एकशे अठ्ठ्याऐंशी फेऱ्या. मी कागदावर गाड्या सोडायच्या आणि तशा त्या रस्त्यावर सुटायच्या, हे एकतीस वर्षं चाललंय तसंच चाललंय.

आता मुद्दा. दुपारी शिवता शिवता तू जी कार्टून मालिका लावायचीस, ती मी बघायला लागलोय. हस, हस. “पोरांचं कार्टून काय बघतेस” म्हणणारा मीच होतो. म्हटलं, बघू तरी हिला त्यात काय दिसतं ते. पहिला भाग बघून मी चिडलो. एक म्हातारी टपालवाली, तिच्यासोबत एक लंगडा बगळा, आणि मुलूख असा की गावं एका जागी राहत नाहीत! लोक दुपारची डुलकी काढतात तेवढ्यात गाव उठतं आणि भलतीकडे जाऊन बसतं. अशा ठिकाणी वेळापत्रक करायचं कुणी? तिसऱ्या भागात म्हातारी तंगडतोड करत आरशांच्या गावाला पोचते, तर ज्याचं पत्र तो माणूस शेजारच्या गावी गेलेला आणि ते गाव निघून गेलेलं. ती फतकल मारून बसते आणि बगळ्याला म्हणते, “चला, म्हणजे आता तिकडेही जायला मिळणार.” मी टीव्ही बंद केला. दहा मिनिटांनी परत लावला. खरं सांगतो, मी त्या म्हातारीच्या प्रेमात पडलोय. छप्पन्नाव्या वर्षी बायकोला असं लिहिणं शोभत नाही, पण म्हातारी हाताने काढलेली आहे, हाडामासाची नाही, तेव्हा तुझी हरकत नसावी.

आणखी एक. प्रत्येक भागाच्या चित्राखाली लाल रेषा असते, किती बघून झालं ते दाखवणारी. तू गेलीस तेव्हा अठरा भागांखालची रेषा भरलेली होती, एकोणिसावा अर्धा होता. गेल्या मंगळवारी कामावरून येऊन बघतो तर एकोणिसावा पूर्ण! मला वाटलं टीव्ही बिघडला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, “काही बिघडलेलं नाही. खातं एकच आहे ना तुमचं? त्यांनी तिकडे मोबाइलवर बघितलं असेल.” त्या गेल्यावर मी बराच वेळ रेषेकडे बघत बसलो. पाच आठवड्यांत तुझी पहिली खबर, ती अशी लागली. जीव भांड्यात पडला.

मी दहाव्या भागावर आहे. तुझ्या रेषेच्या पुढे जायचं नाही, असं ठरवलंय.

निरोप समारंभाच्या त्या संध्याकाळबद्दल या पत्रात लिहीत नाही. तू परत येणार का, हेही विचारत नाही. आता ‘विचारत नाही’ असं लिहिलं म्हणजे विचारलंच की. राहू दे, खोडत नाही.

तुझा,
नेहमीप्रमाणे घरीच असलेला


३ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही. पण विसाव्या भागावर तू बारा दिवस थांबलीस. मी अकरा, बारा, तेरा करत मागून येतोय, आणि तू थांबलेली. मी विसावा संपवला त्याच्या दुसऱ्याच दुपारी तुझा एकविसावा झाला. तेव्हापासून एक दिवसाआड दुपारी तू, संध्याकाळी मी. आता अठ्ठाविसाव्यावर आहोत. इतकी वर्षं एका घरात राहून आपण एक गोष्ट एवढ्या शिस्तीत मिळून केल्याचं मला आठवत नाही.

माझी एक फजिती झाली, ती तुला सांगायलाच हवी.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. गावं नुसती फिरतात म्हणजे काय, त्यांना काहीतरी नियम असेलच, असं म्हणून मी ऑफिसातल्या कोऱ्या तक्त्यावर त्यांची हालचाल मांडली. झोपाळू गाव दर सहाव्या भागात नदीकाठी येतं, असं निघालं: सहावा, बारावा, अठरावा. म्हणून चोविसाव्याला चहा करून, खुर्ची पुढे ओढून बसलो. आलं नाही! गाव आलंच नाही! मालिकावाल्यांना तक्रार लिहायला मी कागदसुद्धा काढला. मग त्या बगळ्याचं गोंधळलेलं तोंड बघितलं आणि एकटाच हसत सुटलो. भांडी घासतानाही हसत होतो.

ही फजिती नव्हे, ती पुढेच आहे. तो तक्ता आणि हिवाळी वेळापत्रकाचा तक्ता एकाच टेबलावर होते. मार्ग चौदा, सकाळी नऊ वाजून दहा, शेवटचा थांबा झोपाळू गाव. असं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, टंकलेखकाने डोळे मिटून टाइप केलं आणि ते फलकावर लागलं. शनिवारी एक आजोबा पिशवी घेऊन चौदा नंबरमध्ये चढले आणि झोपाळू गावाचं तिकीट मागायला लागले. वाहक म्हणाला, असं गावच नाही. आजोबा म्हणाले, “नाही कसं? डेपोने लिहिलंय ना!” दोन बायका त्यांच्या बाजूने भांडल्या. फलक उतरवेपर्यंत अकरा जण चौकशी करून गेले. त्यातल्या एकालाही तिथे काय आहे ते माहीत नव्हतं; नुसतं नाव वाचून निघाले होते. अगदी तुझ्यासारखे. “फोटोतली ठिकाणं मला नकोत, जाऊन आलेले लोक इतकं सांगतात की जायची गरजच उरत नाही,” असं तू म्हणायचीस ना, तसले.

साहेबांनी बोलावलं. साहेब आता तुझ्या भाच्याच्या वयाचे आहेत. “बसा,” म्हणाले. “तुमचं एक मिनिटसुद्धा कधी चुकत नाही म्हणतात. बरं नाही का?”

“बरा आहे.”

“मग थोडी रजा घ्या. नऊ दिवस पुरतील?” आणि खणातून कोरा अर्ज काढून पुढे केला. इतकं सोपं असतं ते.

“इथलं कोण बघणार?” मी विचारलं.

“बघतील की कोणीतरी. नाहीतर गेल्या वर्षीचाच तक्ता लावू, थोडा फेरफार करून.”

गेल्या वर्षीचाच तक्ता! मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तर आता ती संध्याकाळ. टाळत होतो, पण टाळून झालं.

तुझ्या वहीत सात ठिकाणं होती. रूळ वाळूत जिथे संपतात ते स्टेशन, तीनच कुटुंबं राहतात तो दीपगृहाचा खडक, आठवड्यातून दोनदाच होडी जाते ते बेट, अशी. सात वेळा तू ठिकाण काढलंस, आणि सात वेळा मी संध्याकाळी येऊन चपला काढता काढता सांगितलं, “नाही दिली रजा.” तू साहेबांच्या नावाने बोटं मोडायचीस. मी म्हणायचो, “जाऊ दे, त्यांचाही नाइलाज असतो.” साहेबांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. मग हजेरी कारकुनाचा निरोप समारंभ झाला. तू हौसेने आलीस, दुसऱ्या रांगेत बसलीस. त्याने भाषणात माझ्याकडे हात केला: “चौदा वर्षं हजेरीपुस्तक माझ्याकडे होतं. या गृहस्थांनी एकदाही रजा मागितली नाही. एकदाही!” टाळ्या पडल्या. तूही वाजवत होतीस, आणि मग तुझे हात थांबले. ते मी बघितलं.

घरी आल्यावर तू एकच प्रश्न विचारलास, का? मी म्हणालो, कामाचा ताण. तेही खोटं होतं. मी नसलो तरी एकही गाडी अडणार नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ते बाकीच्यांना कळू नये म्हणून मी खुर्ची सोडली नाही. एवढंच कारण आहे. इथे लिहिलं तर दोन ओळींत मावलं, आणि त्यासाठी तू सात वेळा बॅग भरलीस नि सात वेळा रिकामी केलीस. मला स्वतःची लाज वाटते.

अर्ज भरला. ‘कारण’ या रकान्यापाशी अर्धा तास बसलो आणि ‘बायकोला भेटणे’ असं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. बावीस तारखेला सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी दीडला ताईंकडे पोचतो. यायला नको असेल तर एक ओळ पाठव, येणार नाही.

तुझा,
रजा मंजूर झालेला


२२ नोव्हेंबर
ताईंचं घर, दुपार

प्रिय भिंगरी,

एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. दहा मिनिटं उशीर झाला, पुलावर काम चालू होतं. दार ताईंनी उघडलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून आत बघायला लागलो. ताई म्हणाल्या, “नाहीये ती. आधी आत तरी या.”

पाच तारखेपासून तुझी रेषा एकोणतिसाव्यावरच थांबली होती. मनात पाल चुकचुकली होतीच. म्हटलं, पत्र वाचून रागाने मोबाइल फेकला असेल हिने. नाहीतर आजारी असेल. पण येऊ नका अशी ओळही आली नाही, म्हणून उलटसुलट विचार करत आलो. तू निघाली असशील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी वर्षं तुझ्याबरोबर राहून आलं नाही, म्हणजे बघ.

ताईंनी पान वाढता वाढता सगळं सांगितलं. तू माझं पत्र आधी उभ्याने वाचलंस, मग बसून वाचलंस. मग म्हणालीस, “ताई, यांनी डेपोत कधी अर्ज दिला नाही, आणि मी जन्मभर यांच्याकडे अर्ज देत बसले. मला कुणी सांगितलं होतं?” आणि दुसऱ्या सकाळी वही घेऊन गेलीस.

“मग मला येऊ नका असं कळवलं का नाही?” मी विचारलं.

“मीही तेच विचारलं तिला,” ताई म्हणाल्या. “म्हणाली, येऊ देत. निघायची सवय होईल.”

मी घास खाली ठेवला. मला राग आला, तो लिहितोच. माझ्याबरोबर जायचं म्हणून तू एवढी वर्षं थांबलीस, आणि मी निघालो तर तू नाहीस! हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेलो आणि तिथे मला रडू आलं. ताईंनी येऊन नळ मोठा केला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. फार समजूतदार बाई आहेत. मी आजवर त्यांना तोंडाळ समजत होतो.

मग त्यांनी विचारलं, “ती कुठे आहे ते मला माहीत आहे. तिथे मोबाइल लागत नाही, पण गाडी जाते. सांगू?”

हो म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर आला होता. नको म्हणालो. कळलं असतं तर मी इथेच वेळापत्रक उघडून बसलो असतो, परवा तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो असतो, आणि तिथे कुठे बसायचं नि कधी निघायचं ते मीच ठरवायला लागलो असतो. ते नको. तू पहिल्यांदा निघालीस, तर ते तुझं तुलाच असू दे.

डेपोत फोन केला. सगळ्या गाड्या वेळेवर आहेत. टंकलेखक म्हणाला, “तुम्ही निवांत राहा हो, इकडे काही अडलेलं नाही.” लागलं मनाला. पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं.

मालिका पुढे बघा, माझ्यासाठी थांबू नका, असा निरोप तू ताईंजवळ ठेवला आहेस. मी बघितली नाही. म्हातारीचं आणि त्या गावांचं काय होतं ते मला कळून घ्यायचंय, पण ते तुझ्याशेजारी बसून.

माझी अजून आठ दिवस रजा आहे. आता इथून स्टँडवर जातो. जी गाडी आधी सुटेल तिच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार. फलक वाचणार नाही. बरं, वाचेन, राहवणार नाही मला. पण परतीची वेळ विचारणार नाही. एकटा असा मी कधी कुठे गेलेलो नाही आणि आत्ता पिशवी तिसऱ्यांदा उघडून बघितली. तूही बघितली होतीस का गं?

हे पत्र ताईंकडे ठेवून जातो. तू आलीस की वाच. विचारायचं ते असं, की वहीतल्या उरलेल्या ठिकाणांपैकी एखाद्या ठिकाणी मला बरोबर नेशील का? कुठलं, कधी, किती दिवस, सगळं तू ठरव. मी मागच्या बाकावर बसेन. घरी ये, असं मी म्हणत नाही. यावंसं वाटलं तर ये, घर तुझंच आहे. तू मला हवी आहेस, आणि हे मी समोरासमोर सांगायला हवं होतं.

उत्तर ‘नाही’ असलं तर तसं सरळ लिही, मी ऐकून घेईन. मला वाईट वाटू नये म्हणून एखादं सोयीचं कारण तेवढं शोधू नकोस. ती सवय आपल्या घरात एकट्या मला होती.

तुझा,
उत्तर येईपर्यंत तुझाच