वहिनींचा डावा डोळा

३ डिसेंबर २००३
…खालची पापणी ओढून धरली, तेवढ्यात वहिनींनी मान मागे घेतली. मलम गालावर.
"भाऊजी, कॉलेजात कविता शिकवता ना? डोळा कुठला, गाल कुठला, कळत नाय व्हय?"
दादा हसला. मी नाही. उजव्या डोळ्यात त्यांना लहानपणीच फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेलं, त्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. आहे तो हा डावाच. त्यात विषाणूचा व्रण. मलम दिवसातून पाच वेळा.

४ डिसें.
डॉक्टरांकडे. डोळ्यात नारिंगी थेंब टाकून निळा दिवा लावला. मलाही भिंगातून बघू दिलं.
बुबुळावर हिरवी, चमकणारी फांदी. तिला फाटे, फाट्यांना फाटे, प्रत्येक टोकाला बारीक कळीसारखी गाठ. मी बराच वेळ बघत राहिलो. एवढं रेखीव, आणि नजर खाणारं.
डॉ. म्हणाले, बाहुलीच्या काठाशी आलंय. मध्यावर व्रण राहिला तर याही डोळ्यात फूल. मलम चालू असून वाढतं कसं, त्यांना कळेना.
फांदी सुंदर होती हे वहिनींना सांगितलं नाही.

६ डिसें.
मखमलाबादला, दादाच्या मळ्यात मुक्काम. उजाडताना चहा घेऊन गुलाबात गेलो. वहिनी पदराने डोळा पुसत होत्या. म्हणजे मलम काढत होत्या.
"घातलं की समदं धुकं. कोणती कळी सुटलीय, कोणती मिटलेली, काय कळत नाय. उमललेलं फूल बाजारात कोण घेतंय?"
रोज?
"तोडणीपुरतं."
मग निवडणी. मग जुड्या बांधणं. त्यालाही नीट दिसावं लागतं. म्हणजे दिवसभर मलम नाहीच.

७ डिसें.
केतकीच्या प्रयोगशाळेत. मुलगी औषधशास्त्र शिकते, डोळ्याच्याच औषधावर तिचं काम; तरी तिथे कधी गेलो नव्हतो. विचारलं, एकदाच घालून टिकेल असं काही नाही का? तिने मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "बाबा, श्वास हळू."
गोल. सगळे गोल. धुळीहून बारीक, एकालाही कोपरा नाही. कुणी घडवले नाहीत. द्रावण ढवळताना आपोआप असे होतात म्हणे. विरघळणारे टाके ज्याचे घालतात तेच पॉलिमर, आत वहिनींच्या मलमातलंच औषध. साधा थेंब अश्रू धुऊन नेतात. हे पापणीआड बसणार, झिजत जाणार, औषध सोडत.
झिजून काय उरतं?
"काहीच नाही."
पुन्हा पाहिलं. पुन्हा. बाहेर आलो तर सूर्य जरा ओबडधोबड वाटला.

८ डिसें.
वहिनींना सांगायला नको होतं. सांगितलं. केतकीही सोबत आली होती.
"मग घाल की माझ्या डोळ्यात."
"काकू, अजून सशाच्याही डोळ्यात गेलं नाही."
"सशाच्या आधी माझा नंबर लाव."
दादा : "ससा तरी गप बसंल."
हसलो सगळे. वहिनी केतकीकडे वळल्या. "हा डोळा गेला तर मी करू काय? बसून राहू? तुझ्याकडं हाय ना औषध?"
"एखादा कण खरखरीत निघाला तर व्रणावर काचेसारखा घासेल. मी नाही घालणार, काकू."
बोलता बोलता केतकीचेच डोळे भरले.
"रडू नको. सगळं धुऊन जातं ना त्यानं?" वहिनीच म्हणाल्या. मग, "तुझं व्हायला किती दिवस?"
"वर्षं लागतील."
"तवर थांबायला सांग या डोळ्याला."
ते गोल कण माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. आहेत, आणि वहिनींसाठी नाहीत.

९ डिसें.
सकाळी वहिनींना मलम लावलं. या वेळी पुसलं नाही; त्या बांधावर बसून राहिल्या. तोडणी दादाने आणि मी केली. उमललेली बरीच तोडली गेली; बाजारात निम्मी बाजूला काढली. डॉक्टरांनी शनिवारी बोलावलंय.