नाचणीचे बाळ शिवलीलाच्या स्वाधीन

मी, सत्यवती उमाजीराव जगताप, वय एकाहत्तर, निवृत्त सुईण-परिचारिका, राहणार राजाजीनगर, बंगळूर, आज पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहीत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून खात्री करावी. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझेच इतरांवर आहे.

१. तीन किलो नाचणीचे बाळ. जुन्या लुगड्यात नाचणी भरून, मुद्दाम कच्चे टाके घालून मी ते शिवले. पस्तीस वर्षे, निवृत्तीनंतरही, बाळंतिणीच्या नवऱ्याला ते तासभर मांडीवर धरायला लावले. ते रडत नाही. ती उणीव मी स्वतः भरून काढली. वैतागून कोणी गदागदा हलवले की टाके सुटत, खोलीभर नाचणी. मग मी सांगे, "राग आला? बाळ खाली ठेवा, बाहेर जा, पाणी प्या, परत या." माझे रडणे ऐकून एकदा हवालदार आला. त्यालाही बसवले. त्याचे टाके बाराव्या मिनिटाला गेले. हे बाळ मी माझ्या हाताखाली शिकलेली परिचारिका शिवलीला हिला देते. तिचा आवाज बारीक आहे, सराव करावा.

२. नाळ कापायची माझी कात्री आमच्या प्रसूतिगृहाच्या माजी मुख्य डॉक्टरांना देऊ नये. ते म्हणत, "नाळ कापली, तुमचं काम संपलं." संपत नाही! १९६१ साली एका बाळंतिणीने नवऱ्याला पाहून मान खाली घातली. मी पाहिले आणि गप्प राहिले. बाराव्या दिवशी बाळ मोडलेल्या हाताने परत आले. म्हणे, पाळण्यातून पडले. बारा दिवसांचे बाळ कूससुद्धा बदलत नाही! तेव्हापासून प्रत्येकीला एकटीला गाठून विचारले, "घरी कोणाची भीती वाटते का?" त्यासाठी सासूला डिंक आणायला मल्लेश्वरमला पिटाळले. डिंक कोपऱ्यावरही मिळत असे. त्या सासवांची मी क्षमा मागत नाही. कात्रीही शिवलीलालाच.

३. राहते घर भाचेसून भाग्यलक्ष्मी हिला. तिला सातवा महिना आहे. भाचा सयाजी मनाने वाईट नाही, पण रेडिओ खरखरतो म्हणून त्याने तो आपटला. नाचणीच्या परीक्षेत तो दोनदा नापास आहे.

"आत्या, पोतं आहे हो ते!"

"पोतं आहे म्हणून नापास झालास. बाळ असतं तर तुरुंगात असतास."

उत्तीर्ण होईपर्यंत त्याने समोर देवाप्पा शिंप्याच्या दुकानात झोपावे. देवाप्पाला विचारलेले नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून शिवलीला आणि भाग्यलक्ष्मी बाहेर बसल्या आहेत. साक्षीला देवाप्पा आणि गंगव्वा आत आहेत. सयाजीला काही मिळत नाही, म्हणून तोही आत, मांडीवर नाचणीचे बाळ घेऊन. ही तिसरी संधी. मी लिहिता लिहिता रडत आहे.

देवाप्पा म्हणतो, "अक्का, स्वल्प हळू रडा. माझं गिऱ्हाईक पळतंय."

पंचेचाळिसाव्या मिनिटाला सयाजी लालबुंद झाला. त्याने बाळ चटईवर ठेवले आणि बाहेर गेला. माझी लेखणी थांबली, रडणे नाही. नळाचा आवाज आला. तो परत आला, बाळ उचलले, मानेखाली हात घातला.

मानेचे मी त्याला कधी सांगितले नव्हते.

दुकानात झोपण्याची अट रद्द. घर मात्र भाग्यलक्ष्मीचेच.

सही: सत्यवती उमाजीराव जगताप
राजाजीनगर, बंगळूर, १२ फेब्रुवारी १९९६

साक्षीदार:
देवाप्पा, शिंपी. टाके तपासले, शाबूत.
गंगव्वा, निवृत्त आया. फरशी पाहिली. नाचणी नाही.